पायांची नाहक बदनामी

आपल्याकडे घरात कुठलाही वास सुटला की त्याच्या चौकशीचा एक क्रम ठरलेला असतो. आधी उंदीर मेला असेल, मग बटाटा सडला असेल, मग मोरीची जाळी तुंबली असेल. हे तिन्ही आरोपी निर्दोष सुटले की घरातली सगळ्यात ज्येष्ठ बाई दाराकडे बघते आणि विचारते, "ते बूट कुणाचे?" बूट कुणाचे हे सगळ्यांना ठाऊक असतं. घरात जो कोणी सकाळी पळायला, संध्याकाळी बॅडमिंटनला किंवा डॉक्टरांनी दम दिला म्हणून नुसतंच चालायला जात असेल, त्याचे. तो बिचारा मान खाली घालतो. मग पुढचं वाक्य येतं, आणि माझी तक्रार आहे ती ह्या पुढच्या वाक्याबद्दल. "काय रे, पायांना किती वास येतो तुझ्या!"

पायांना! बूट समोर पडलेले आहेत, वास बुटांतून येतो आहे, पाय तर केव्हाच साबणाने धुऊन, पुसून पाटावर येऊन बसले आहेत. तरी आरोपी पायच. इतकी उघड बदनामी चालू असताना पायांच्या बाजूने कुणी तोंड उघडत नाही, म्हणून मी त्यांचं वकीलपत्र घेतलं आहे. फी मिळण्याची आशा नाही. पायांची परिस्थिती तशी पहिल्यापासून बेताचीच.

घाम येतो, हे कबूल. दोन्ही पायांत मिळून घामाच्या सुमारे अडीच लाख ग्रंथी असतात. तळवे आणि तळहात इथे त्यांची जितकी दाटी, तितकी अंगावर दुसरीकडे कुठे नाही. पण ताज्या घामाला वास असा नसतोच. पाणी, थोडं मीठ, आणि बाकी किरकोळ सामान. वास काढतात ते कातडीवर बिऱ्हाड करून राहणारे जीवाणू. घामात ल्यूसिन नावाचं एक अमिनो आम्ल असतं. ते ह्या मंडळींनी पचवलं की आयसोव्हॅलेरिक आम्ल नावाची चीज तयार होते, आणि आपण ज्याला 'बुटाचा वास' म्हणतो त्यातला मोठा वाटा तिचा. म्हणजे घाण केली भाडेकरूने आणि नोटीस गेली घरमालकाला.

'चीज' हा शब्द वर सहज लिहिला गेला, पण तो अगदी जागेवर पडला आहे. बेल्जियम-जर्मनीकडे लिम्बर्गर नावाचं एक चीज मिळतं. त्याच्या सालीवर जे जीवाणू वाढवतात, ते आपल्या तळव्यावरच्या जीवाणूंचे जवळचे नातेवाईक. त्या चीजला वासही थेट बुटाचाच येतो. बार्ट क्नोल्स आणि रूर्ड द योंग ह्या दोन डच शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की मलेरियाच्या डासाची एक आफ्रिकी मादी माणसाच्या पायाच्या वासाकडे जितक्या ओढीने जाते, तितक्याच ओढीने लिम्बर्गर चीजकडेही जाते. ह्या शोधाबद्दल त्यांना २००६ साली इग नोबेल पारितोषिक मिळालं. हे पारितोषिक आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाला देतात. मला त्यात हसण्यासारखं काही दिसत नाही. तोच वास ताटलीत आला की साहेब त्याला पावावर लावून डोळे मिटतो, आणि आमच्या दारात आला की आम्हांला जेवायला गॅलरीत बसवतात. डासाने तरी पंक्तिप्रपंच केला नाही.

आता विरुद्ध बाजूचे वकील विचारतील, की जीवाणू सगळ्यांच्याच पायांवर असतात, घाम सगळ्यांनाच येतो, मग आमच्या आजोबांच्या पायांना कधी वास का आला नाही? प्रश्न उत्तम आहे. आजोबा जन्मभर कोल्हापुरी वहाणा घालून हिंडले. त्या वहाणेत पायाला वरून ऊन, बाजूने वारा आणि मधून खडे, सगळं मिळत होतं. घाम आला तसा उडून गेला. त्याही मागे जायचं तर भरताने रामाच्या पादुका चौदा वर्षं सिंहासनावर ठेवल्या, दरबार रोज भरत होता, पण एखाद्या प्रधानाने नाकाला उपरणं लावल्याचा उल्लेख माझ्या तरी वाचनात नाही. पादुकांच्या जागी स्पंजची गादी असलेले, लेस बांधायचे बूट असते तर रामराज्य थोडं अलीकडे आणावं लागलं असतं.

आपले मूळचे खेळही बघा. खो-खो, आट्यापाट्या, मल्लखांब, मातीतली कबड्डी आणि मातीतलीच कुस्ती. एकालाही बूट लागत नाही. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये आपला फुटबॉलचा संघ फ्रान्सशी खेळला तेव्हा आपले बहुतेक गडी अनवाणी होते. सामना आपण दोन विरुद्ध एक असा हरलो, पण परत येताना सामानाला वास आला नसणार. बूट वाईट असं मी म्हणत नाही. डांबरी रस्त्यावर अनवाणी पळून गुडघे कुणी फोडून घ्यावेत? मी म्हणतो ते एवढंच, की पाय तोच आहे, घाम तोच आहे, जीवाणू तेच आहेत. नवीन आला तो बूट. आतून स्पंज, बाहेरून प्लॅस्टिकचं कापड, खाली रबर. पाणी आत घ्यायला तयार, बाहेर सोडायला नाराज. तासभर पळून आलेला बूट पुरता वाळायला एक अख्खा दिवस लागतो, मुंबईच्या पावसाळ्यात तर दोनही पुरत नाहीत. आणि आपण त्याला देतो किती? संध्याकाळी सात ते सकाळी सहा. तेही कुठे, तर कपाटात!

ह्या कपाटाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचं आहे. ब्लॉक संस्कृती आली तशी आपल्या दारात 'शू रॅक' नावाची वस्तू आली. मूळचा रॅक म्हणजे चार फळ्या, सगळीकडून उघड्या. तो दिसायला बरा नाही म्हणून सुताराने त्याला दारं लावली. दारं लागली म्हणून वर फ्लॉवरपॉट आला. आत मात्र घरातल्या पाच माणसांचे दहा जोड, ओले आणि कोरडे, एकमेकांच्या उरावर, अंधारात. ऊब, ओल आणि काळोख, जीवाणूंना हवं ते सगळं. उद्या कुणी जीवाणूंसाठी हिल स्टेशन काढायचं ठरवलं तर त्याला ह्याहून चांगला नकाशा मिळणार नाही.

ह्याच कपाटावर २०२५ सालचं एक इग नोबेल आपल्या देशात आलं, हे पुष्कळांना ठाऊक नसेल. दिल्लीजवळच्या शिव नाडर विद्यापीठातले विकाश कुमार आणि सार्थक मित्तल यांच्या लक्षात आलं, की वसतिगृहातली मुलं बूट खोलीबाहेर काढून ठेवतात. जागा नाही म्हणून असेल असं आधी वाटलं. चौकशी केली तर कारण वासाचं निघालं. मग त्यांनी १४९ विद्यार्थ्यांना रीतसर विचारलं, आणि निम्म्याहून अधिकांनी आपल्या किंवा दुसऱ्याच्या बुटांच्या वासाने त्रास होतो असं सांगितलं. मग त्यांनी अतिनील दिवा बसवलेला रॅक करून पाहिला. दोन-तीन मिनिटांत जीवाणू खलास. फार वेळ ठेवलं तर मात्र बूट तापून जळक्या रबराचा वास यायला लागतो. ह्या दोघांबद्दल मला आदर आहे. पण माझ्या मनात सारखं येतं, की वसतिगृहातल्या ज्या मुलांनी बूट उचलून उघड्या व्हरांड्यात ठेवले, त्यांनी कुठलीही समिती न नेमता अर्धं काम आधीच केलं होतं.

आता उपायवाले. बुटांचा विषय निघाला की प्रत्येकजण वैद्य होतो. आमच्या शेजारच्या वहिनी बुटात डांबराच्या गोळ्या टाकतात. बूट घातलेला माणूस जवळून गेला की हिवाळ्यात ट्रंक उघडल्यासारखं वाटतं. (त्या गोळ्यांची वाफ नाकात जाणं चांगलं नव्हे, लहान मुलांच्या घरात तर मुळीच नव्हे.) खालच्या मजल्यावरचे आप्पा उदबत्ती ओवाळतात. माझा एक मित्र सेंट मारतो. हा सेंट मारण्याचा प्रकार मला सर्वात लबाडीचा वाटतो. त्याने वास जात नाही, वासाला जोडीदार मिळतो. आधी बुटाला नुसता बुटाचा वास होता, आता गुलाबाच्या बागेत कुणीतरी बूट विसरून गेल्याचा येतो. बाजारात ह्याच विद्येच्या रंगीत बाटल्या मिळतात आणि सुशिक्षित माणसं त्या रांगेत उभं राहून घेतात. ओल्या भिंतीला रंग काढणाऱ्या गवंड्याला आपण शिव्या देतो. हे निराळं काय आहे?

शीतपेटीवाल्यांचा एक वेगळाच पंथ आहे. बूट पिशवीत घालून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवावेत, थंडीने जीवाणू मरतात, असं त्यांचं म्हणणं. मरत नाहीत. बहुतेक नुसते झोपतात, आणि सकाळी आपण पाय घातला की ऊब मिळून ताजेतवाने उठतात. हा प्रयोग करण्याची परवानगी मागायला आमचा एक परिचित स्वयंपाकघरात गेला होता. "मटारांच्या शेजारी?" एवढाच प्रश्न आतून आला. प्रयोग तिथेच संपला.

सगळेच उपाय टाकाऊ आहेत असं नाही. खायचा सोडा रात्रभर बुटात भुरभुरून ठेवला आणि सकाळी झटकला तर वास खरोखर कमी होतो, कारण तो वास आम्लाचा आणि सोडा अल्कधर्मी. दोघांची गाठ पडली की आम्लाचं मीठ होतं, आणि मीठ काही उडून नाकात येत नाही. तुरटीच्या पाण्यात पाय बुडवण्याचाही गुण येतो. न्हाव्याच्या दुकानातली ती पांढरी वडी उगाच एवढी वर्षं टिकलेली नाही. पण हे सगळं कोरड्या बुटात. ओल्या बुटात सोडा टाकला तर सकाळी तिथे धिरड्याचं पीठ सापडतं.

इथपर्यंत मी थट्टेने लिहिलं. पुढचा भाग लिहिताना मला थट्टा सुचत नाही, तरी प्रयत्न करतो.

माझा भाचा आठवीत आहे. टेबल टेनिस बरं खेळायचा. गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडे आला आणि जेवताना म्हणाला, "मामा, मी टेबल टेनिस सोडलं." का, तर उगाच. कंटाळा आला. अभ्यास आहे. आठवीतला मुलगा अभ्यासाचं कारण द्यायला लागला की मोठ्यांनी जेवण थांबवावं. ताईने आतून हळूच सांगितलं. खेळायच्या खोलीत मुलांनी ह्याचे बूट एकदा उचलून खिडकीबाहेर ठेवले होते. मग रोजच ठेवायला लागले. मग त्याला एक नाव पाडलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, कारण हा लेख तो वाचणार आहे.

मुलांनाही मी फार दोष देत नाही. मोठी माणसं काय करतात? २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये हिमाचल प्रदेशातून दिल्लीला निघालेल्या एका बसमध्ये मोज्यांच्या वासावरून अशी जुंपली, की बस पोलीस ठाण्यात न्यावी लागली. मोजेवाल्या गृहस्थाला अटक झाली, मग जामीन. माझ्या मोज्यांना वास नव्हताच, असं त्याचं म्हणणं. जिथे मोज्यांसाठी जामीन द्यावा लागतो, तिथे आठवीतल्या मुलांनी खिडकीवर भागवलं.

पण बूट ओले का होते? मी ताईबरोबर शाळेत गेलो. त्यांच्या शाळेत पावसाळ्यात वर्गात सँडल चालतात. पी.टी.च्या दिवशी मात्र पांढरे कॅनव्हासचे बूट आणि मोजे हवेतच. पी.टी. आठवड्यात तीन दिवस, एकाआड एक. मुंबईच्या आसपास जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि तो पी.टी.चा दिवस बघून थांबत नाही. मुलगा स्टेशनपासून चिखलातून शाळेत येणार, त्याच ओल्या बुटांत कवायत करणार, त्याच बुटांत संध्याकाळी टेबलाशी नाचणार, आणि घरी गेल्यावर ते बूट बुधवारी पुन्हा हजर करायचे. पंधरा जूनला भिजलेला जोड गणपतीपर्यंत एकदाही कोरडा झालेला नव्हता. मी सरांना हे सांगितलं. सर भले गृहस्थ आहेत, ते म्हणाले, "तुमचं पटतं हो, पण शिस्तीचा प्रश्न आहे. एकाला सूट दिली की सगळे सँडल घालून येतील."

येऊ देत की! सगळे सँडल घालून आले तर काय होईल? सगळ्यांच्या पायांना वारा लागेल. पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यांत ज्या चिखल्या होतात त्या कमी होतील. शिस्त हा गुण पायांच्या बोटांना झाकल्याशिवाय टिकत नाही, असं कुठल्या शास्त्रात लिहिलं आहे? थंड, कोरड्या मुलखातल्या माणसाने आपल्या पायांसाठी बूट शिवला. तो आपण जुलैत, ऐंशी-नव्वद टक्के दमटपणात, दहा-बारा वर्षांच्या मुलांच्या पायांत सक्तीने घालतो, आणि वास सुटला की त्या मुलाला सांगतो, "जरा स्वच्छ राहा रे." तो स्वच्छच होता हो. रोज दोनदा आंघोळ करत होता. पाय लाल होईपर्यंत घासत होता, ताई सांगते. इतकं पाप कुठल्याच पायांनी केलेलं नसतं.

सुट्टीत तो आमच्याकडे चार दिवस राहिला, आणि आम्ही दोघांनी मिळून त्या जोडाला माणसात आणलं. करायचं फारसं काहीच नसतं, त्यामुळेच कुणाचा विश्वास बसत नाही. लेस पूर्ण सोडायची, बुटाची जीभ डॉक्टरांना दाखवतात तशी बाहेर ओढायची, आतली सुटी गादी काढून वेगळी धुवायची. निम्मं घाम-पाणी त्या गादीतच असतं. मग बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ओले झाले की बदलायचे. कुठलं वर्तमानपत्र चांगलं शोषतं ह्यावर आमच्या दोघांत मतभेद झाले. त्याच्या मते क्रीडापान. मी अग्रलेखाच्या बाजूचा आहे, त्यात मुळातच ओलावा कमी असतो. पंखा लावावा, शेगडीजवळ मात्र नेऊ नये, सोल चिकटवलेलं असतं ते सुटतं. मोजे रोज नवे, म्हणजे धुतलेले. पाय धुतल्यावर बोटांच्या मधली जागा पुसायची, ती पुसणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. एवढं करूनही महिनोन्महिने वास राहिला, किंवा तळव्याला बारीक बारीक खड्डे दिसायला लागले, तर सरळ कातडीच्या डॉक्टरांकडे जावं. तो जीवाणूंचाच एक विकार आहे आणि औषधाने बरा होतो. त्यात लाज वाटण्यासारखं सर्दीइतकंही नाही.

आणि मुख्य म्हणजे दोन जोड. एक पायात, एक उन्हात. हे म्हटलं की मध्यमवर्गीय माणूस दचकतो. "दोन जोड? आमच्या वेळी..." तुमच्या वेळी वहाणा होत्या, आप्पा! चार हजारांचा एक बूट घेऊन तो रोज ओला घालण्यापेक्षा दीड-दीड हजारांचे दोन घ्यावेत. आळीपाळीने वाळले की दोन्ही जास्त टिकतात. गिरणीत पाळ्या असतात, पोलिसाला साप्ताहिक सुट्टी असते. आपलं सगळं वजन उचलणाऱ्या बुटालाच तेवढी बिनरजेची चाकरी का? आणि ज्याला दुसरा जोड परवडत नाही, त्याला पावसाळ्यात सक्तीचे बूट घालायला लावणाऱ्यांनी एक तर दुसरा जोड द्यावा, नाही तर सक्ती काढावी. मधला मार्ग मला सुचत नाही.

भाच्याला नवा जोड मी घेऊन दिला. टेबल टेनिस त्याने पुन्हा सुरू केलं आहे, पण त्या शाळेच्या खोलीत नव्हे, दुसरीकडे. तिथे मुलं त्याला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारतात.

घरी आम्ही बुटांच्या कपाटाची दारं काढून टाकली आहेत. सौ.चा विरोध फ्लॉवरपॉटपुरताच होता. बूट वाळायला मी खिडकीच्या ग्रिलमध्ये ठेवू लागलो, त्यावर सोसायटीची नोटीस आली, की दर्शनी भागाची शोभा जाते, सभासदांनी पादत्राणे ग्रिलमध्ये ठेवू नयेत. ग्रिलमध्ये पापड चालतात, लोणच्याच्या बरण्या चालतात, मोडकी सायकलसुद्धा चालते. मी तीन पानी उत्तर लिहिलं, त्यात अडीच लाख ग्रंथी आणि इग नोबेल दोन्ही घातलं. सेक्रेटरींनी ते 'इतर विषय' ह्या सदरात घेतलं आणि वेळेअभावी पुढच्या सभेवर ढकललं.

परवा पाण्याची टाकी बघायला गच्चीवर गेलो होतो. टाकीच्या पलीकडे, रस्त्यावरून दिसणार नाही अशा बेताने, बॅडमिंटनच्या बुटांचा एक जोड भर उन्हात उताणा पडला होता. लेस सोडलेली, जिभा बाहेर, गाद्या शेजारी वेगळ्या. माप नऊ नंबर. सोसायटीत बॅडमिंटन दोघेच खेळतात आणि माझा पाय सात नंबरचा आहे. ऊन जरा सरकलं होतं, म्हणून मी जोड उचलून वीतभर पुढे ठेवला आणि खाली आलो.